पाच वर्षांच्या मुलाचे उग्र वर्तन: आईने मदत कोणाकडे आणि कशी मागावी?

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ५ वर्षांचा आहे, केजी-टूमध्ये जातो. धाकटी बहीण ८ महिन्यांची आहे. गेल्या वर्षभरापासून तो रोज मारतो, चावतो, हाताला लागेल ती वस्तू भिरकावतो आणि एकदा बिनसले की अर्धा-पाऊण तास ओरडत राहतो. दोनदा त्याने बाळाच्या तोंडावर उशी टाकली. तान्ह्या पोळ्याला वस्तीतली मुले जमली असताना त्याने आपला लाकडी बैल शेजारच्या मुलाच्या कपाळावर फेकला, त्या मुलाला टाके पडले, आणि त्या दिवसापासून या आईने कोणाच्या घरी जाणेच सोडले. शाळेने दुसरी शाळा पाहण्यास सुचवले आहे. पती चंद्रपूरला नोकरीला असून शनिवारी रात्री येतात. सासूबाई म्हणतात, 'तुह्या लाडानं पोट्टं बिघडलं.' आईचा हात आता जवळजवळ रोज उठतो आणि रात्री ती एकटी रडत बसते. तिचे दोन प्रश्न आहेत: माझे काय चुकले, आणि मी मदत कोणाकडे मागू?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात सलत राहिला तर पुढचे काहीच तुमच्या कानी पडणार नाही. मुलाचा उपजत स्वभाव, त्याच्या मेंदूची वाढ, भाषा आणि झोप, घरातले बदल, मोठ्यांचे वागणे अशा अनेक गोष्टी मिळून असे वर्तन घडते. तुमच्या वागण्याने ते वाढू किंवा कमी होऊ शकते, हे खरे. परंतु ते तुमच्या लाडांतून उपजले असे म्हणण्यास तुमच्या लिहिण्यात मला काही आधार दिसत नाही. हट्ट दोन-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांत असतो, तो सहसा काही मिनिटांत ओसरतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत कमी होत जातो. पाचव्या वर्षी तो रोज होत असेल, अर्धा तास टिकत असेल, त्यात कोणाला इजा होत असेल, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ तेच चालू असेल, तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबू नये. बाळ ८ महिन्यांचे आणि त्रास वर्षभराचा, म्हणजे सुरुवात तुमच्या गरोदरपणातच झाली आहे. धाकट्या भावंडाच्या चाहुलीने मूल बिथरते, त्याचा यात वाटा असू शकेल. पण शाळेतही इतकेच बिनसत असेल तर सारे मत्सरावर ढकलून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न. मुलांच्या वर्तनाच्या समस्यांवर काम करताना माझी २० हून अधिक वर्षे गेली आहेत. अगदी सुरुवातीच्या काळात एका आईला मी तीन पानांचा तक्ता करून दिला होता: कोणत्या वागण्याला काय उत्तर द्यायचे, किती वेळा द्यायचे, कधी दुर्लक्ष करायचे. ती दोन महिने फिरकली नाही. परत आली तेव्हा तिने सांगितले की घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, नळाला दिवसातून एकदाच पाणी आणि दोन मुले; तक्ता उघडून पाहण्याइतका निवांतपणा तिला एक दिवसही मिळाला नव्हता. तिला सल्ला नको होता असे नाही. तो पाळता यावा म्हणून रोज अर्धा तास घर सांभाळणारे एक माणूस हवे होते, आणि मी ते विचारलेच नव्हते. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी मुलाच्या तक्रारींआधी घरातल्या आणि शेजारच्या माणसांविषयी विचारते. म्हणून तुम्हालाही हेच सांगते की तुम्हाला दोन प्रकारची मदत हवी आहे, जाणकारांची आणि हाताशी येणाऱ्या माणसांची. पहिली रुग्णालयात मिळेल, दुसरी घरादारात मागावी लागेल, आणि दुसरी नसेल तर पहिली टिकत नाही.

कोणाकडेही जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. दिवसभरातल्या सगळ्या प्रसंगांची गरज नाही, मोठे दोन पुरेत. वेळ किती होती, त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय घडले, त्याने काय केले, किती वेळ टिकले, आणि शेवटी काय होऊन तो थांबला, एवढेच लिहायचे. 'खूप त्रास दिला' असे लिहू नका; 'दुपारी १२.४० ला शाळेच्या ऑटोतून उतरला, चप्पल काढ म्हटले, मला दंडाला चावला, ३५ मिनिटे ओरडला, मोबाइल दिल्यावर थांबला' असे लिहा. अशा वहीतून कितीतरी गोष्टी आपोआप दिसतात. एका घरातले जवळजवळ सगळे उद्रेक शाळेतून आल्यानंतरच्या तासाभरात होत होते; मूल सकाळी जेमतेम दूध पिऊन जायचे, डबा परत यायचा आणि भर उन्हात ऑटोमध्ये पाऊण तास घालवून ते उपाशी घरी पोहोचायचे. त्यांच्या बाबतीत ऑटोतून उतरताच, एक शब्दही न बोलता, हातात केळे आणि पाणी देण्याने निम्मे भांडण मिटले. सगळ्यांचे इतके सोपे नसते, हे मी जाणून आहे. पण नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४४-४५ अंशांवर असताना, सकाळी ११ पासून संध्याकाळपर्यंत कूलरच्या एका खोलीत कोंडलेली मुले जशी वागतात, त्यात किती भाग आजाराचा आणि किती भाग कोंडलेपणाचा, हे वहीशिवाय मलाही सांगता येत नाही. शक्य असेल तेव्हा एखाद्या प्रसंगाचे एक-दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर घ्या, मात्र ते डॉक्टरांना दाखवण्यासाठीच; नातेवाइकांच्या गटात ते जाता कामा नये.

ही वही घेऊन प्रथम त्याच बालरोगतज्ज्ञांकडे जा, जे त्याला लहानपणापासून ओळखतात. लसीकरणाच्या किंवा सर्दी-तापाच्या भेटीत हा विषय काढू नका. केवळ यासाठी वेगळी वेळ मागून घ्या. वर्तनाच्या मुळाशी कधी कधी शरीराची कारणे असतात आणि ती आधी पाहिली पाहिजेत. कानात वारंवार पाणी साठणाऱ्या मुलाला अर्धेच ऐकू येते आणि ते 'ऐकत नाही' म्हणून मार खाते. जे मूल तोंड उघडे ठेवून घोरत झोपते, त्याच्या टॉन्सिल्स किंवा ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेल्या असू शकतात. अशा मुलाची झोप रात्रभर तुटत राहते आणि दिवसा ते मोठ्यांसारखे पेंगत नाही, उलट अधिक चेकाळते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. तुमचा मुलगा किती झोपतो, हे वहीत जरूर टिपा. शरीरात लोह कमी असेल तर पाय अस्वस्थ होतात आणि झोप बिघडते. जुनाट बद्धकोष्ठ, जंत, दात दुखणे, क्षणभर टक लावून हरवल्यासारखे होणारे फिटचे सूक्ष्म झटके, या सगळ्यांविषयी विचारणा व्हायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाची भाषा. आपल्याला काय हवे आहे, काय दुखते आहे, हे ज्या मुलाला सांगता येत नाही, ते हातांनी आणि दातांनी सांगते. तो पूर्ण वाक्ये बोलतो का, गोष्ट सांगतो का, हाक मारल्यावर पाहतो का, दुसऱ्या मुलांबरोबर खोटा-खोटा खेळ खेळतो का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही सांगा.

त्यानंतरची पायरी म्हणजे विकासात्मक आणि मानसिक तपासणी. नागपुरात खासगी तज्ज्ञ आहेत, तसेच मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी बालरोग आणि मनोविकृतिशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत, आणि तेथील खर्च मध्यमवर्गीय घराला झेपणारा असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नाव काढले की घरातली मोठी माणसे गडबडतात, कारण त्या बाजूच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात. तिथे केवळ दाखल होण्यासाठी जातात ही समजूत चुकीची आहे. बाह्यरुग्ण विभागात तपासून, सल्ला घेऊन माणसे त्याच दिवशी घरी परततात. केंद्र सरकारने २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे आणि त्यात विकासातील विलंब, ऑटिझम (स्वमग्नता) व अतिचंचलता (एडीएचडी) यांचाही समावेश आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात या केंद्राचे नाव घेऊन विचारा, म्हणजे खिडक्या-खिडक्यांवर फिरावे लागणार नाही. सरकारी बाह्यरुग्ण विभागात अशा मुलाला घेऊन एकटीने जाऊ नका. रांगेत दोन तास तो बसू शकणार नाही, आणि त्याचे तिथले वागणे पाहून तुम्ही अर्ध्यातून परत याल. बाळ घरी कोणाकडे तरी ठेवा, एका माणसाला कागदपत्रांसह रांगेत उभे करा आणि तुम्ही मुलाला बाहेर झाडाखाली खेळवा. साधीच युक्ती आहे, पण किती तरी घरांची पहिली भेट तिच्याविना वाया जाताना मी पाहिली आहे.

तपासणारी व्यक्ती कोण आहे, हे विचारण्यात संकोच नको. औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा, म्हणजे बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा असतो. मानसशास्त्रीय चाचण्या करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि त्या नोंदणीचा क्रमांक विचारल्यास चांगला तज्ज्ञ रागावत नाही. एकाच भेटीत, दहा मिनिटांत, आजाराचे नाव सांगणाऱ्यापासून सावध राहा. अतिचंचलतेचे निदान करण्यासाठी लक्षणे किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी आणि शाळेत, दिसावी लागतात, म्हणून शिक्षकांची माहिती घेतल्याशिवाय ते होऊच शकत नाही. ऑटिझम पूर्णपणे बरा करण्याचे, स्टेम सेलचे, महागड्या पूरक गोळ्यांचे आश्वासन कोणी दिले तर तिथून उठा. औषधांबद्दल तुम्ही थेट विचारले नाही, पण ती भीती प्रत्येक आईच्या मनात असते. पाच वर्षांच्या मुलाच्या अशा वर्तनासाठी जगभरचा वैद्यकीय प्रघात आधी पालकांच्या प्रशिक्षणाचा आहे; अतिचंचलतेसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट सहसा ६ वर्षांनंतर विचारात घेतले जाते. काही मुलांना त्याआधीही औषध लागते, आणि तज्ज्ञांनी विचारपूर्वक दिले असेल तर ते देण्यात काहीही गैर नाही. मात्र मूल शांत राहावे म्हणून दुकानातून आणलेले खोकल्याचे किंवा सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजू नका. हे अनेक घरांत गुपचूप चालते आणि ते धोक्याचे आहे.

हे पालकांचे प्रशिक्षण म्हणजे काय, हे मला जरा सावकाश सांगायचे आहे, कारण खरा फरक इथेच पडतो. अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेरल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत बसून, आई-वडील आणि मूल यांच्यातल्या क्षणाक्षणाच्या देवाणघेवाणीची निरीक्षणे वर्षानुवर्षे नोंदवली. त्यातून त्याने जे चक्र मांडले, ते तुमच्या घरात रोज फिरत असेल. आई म्हणते, मोबाइल ठेव. मुलगा ओरडतो. आई आवाज चढवते, तो वस्तू फेकतो. बाळ जागे होईल या भीतीने आई मोबाइल परत देते आणि तो क्षणात गप्प होतो. त्या क्षणी दोघांनीही काहीतरी शिकलेले असते: मुलाने हे की फेकल्यावर मिळते, आईने हे की दिल्यावर शांतता होते. दुसऱ्या दिवशी आई देत नाही, एक चापट मारते आणि तो दचकून थांबतो. तेव्हा आईचा हात शिकतो की मारल्यावर थांबते. मार त्या क्षणापुरता चालतो, म्हणूनच तो पुन्हा पुन्हा उठतो. आणि राग आला की मोठी माणसे मारतात, हे मुलगा त्याच हाताकडून शिकतो. यात कोणी वाईट नाही. दोघेही त्या क्षणातून सुटायला पाहत असतात.

हे चक्र मोडण्याची सुरुवात शिक्षेपासून होत नाही, खेळापासून होते, आणि ऐकताना हे कोणालाही पटत नाही. रोज ठरावीक वेळी १० मिनिटे फक्त त्याच्याबरोबर बसायचे. खेळ तो निवडेल. त्या दहा मिनिटांत प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचे नाही, 'असे नाही, असे कर' म्हणायचे नाही. तो जे करतो आहे ते शब्दांत सांगायचे. 'तू लाल गाडी वर ठेवलीस. आता पूल उंच झाला.' त्याने त्या दिवशी कितीही छळले असले तरी ही दहा मिनिटे रद्द होत नाहीत, कारण ती बक्षीस नव्हेत, रोजच्या वरण-भातासारखी आहेत. दुसरे म्हणजे, चांगले वागणे पकडायचे आणि नाव घेऊन सांगायचे. 'शहाणा बाळ' म्हटल्याने त्याला काही कळत नाही. 'बाळ झोपलेले पाहून तू हळू बोललास, मला फार बरे वाटले' हे कळते. पहिल्या आठवड्यात असे क्षण सापडतच नाहीत असे आया सांगतात. मग तो दोन मिनिटे नुसता शांत बसला आहे, तेच पकडा. तिसरे, आज्ञा एका वेळी एकच, जवळ जाऊन, डोळ्यांच्या उंचीवर वाकून आणि 'करशील का' असे न विचारता. स्वयंपाकघरातून पाच वेळा ओरडून सांगितलेले पाचही वेळा वाया जाते.

उद्रेक सुरू झाल्यावर समजावण्यात अर्थ नसतो; त्या वेळी त्याचा मेंदू शब्द घेण्याच्या स्थितीत नसतो. आधी बाळाला उचलून सुरक्षित ठिकाणी ठेवा, जड आणि धारदार वस्तू बाजूला करा, आणि त्याच्या जवळ, पण हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर बसा. एकच वाक्य, हळू आवाजात: 'तू फार रागावला आहेस. मी इथे आहे. मारू देणार नाही.' मग गप्प. तो दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा करू लागला तरच मागून, छाती न दाबता, हात धरा आणि शक्य तितक्या लवकर सोडा. अंधाऱ्या खोलीत किंवा बाथरूममध्ये कोंडू नका. ज्या गोष्टीसाठी उद्रेक झाला, ती उद्रेकाच्या शेवटी द्यायची नाही, आणि इथे एक इशारा द्यायलाच हवा: तुम्ही देणे थांबवल्यावर पहिले काही दिवस ओरडणे वाढते. जे बटण दाबून आजवर दिवा लागत होता, तो लागेना की माणूस ते जोरजोरात दाबून पाहतो, तसेच हे आहे. बहुतेक घरे नेमकी याच टप्प्यावर हार मानतात, आणि मग मुलगा शिकतो की अर्धा तास पुरत नाही, तासभर ओरडावे लागते. म्हणून ज्या आठवड्यात घरी लग्नकार्य आहे किंवा बाळ आजारी आहे, त्या आठवड्यात सुरुवात करू नका. पती सुट्टी काढून चार दिवस घरी राहतील असे दिवस ठरवा. आठ-दहा आठवडे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे सातत्याने झाले तर बहुतेक घरांत उद्रेकांची संख्या आणि लांबी कमी होते. ऑटिझम किंवा बौद्धिक विलंब असेल तर वेळ अधिक लागतो आणि पद्धतीत बदल करावे लागतात, पण पाया हाच राहतो.

आता पाहा, ही दहा मिनिटे तरी तुम्हाला एकटीला मिळणार आहेत का? तेवढा वेळ बाळ कोणाच्या मांडीवर असेल? म्हणून सासूबाईंशी बोलणे हा या उपचाराचाच भाग आहे. त्यांच्याशी वाद घालून, 'तुम्हाला काही समजत नाही' म्हणून काही हाती लागणार नाही. मोकळ्या वेळी त्यांना सांगा: 'आई, डॉक्टरांनी रोज संध्याकाळी दहा मिनिटे त्याच्याशी खेळायला सांगितले आहे. तेवढा वेळ बाळ तुमच्याजवळ राहील का?' यात मत मागितलेले नाही, काम मागितले आहे, आणि काम मागितले की बहुतेक माणसे हो म्हणतात. त्या मीठ-मोहरी ओवाळून नजर काढत असतील तर काढू द्या. त्यापायी रुग्णालयाची तारीख पुढे जाऊ नये, एवढेच पाहा. त्यांना एका भेटीला सोबत न्या. जे सुनेच्या तोंडून पटत नाही, ते तज्ज्ञांच्या तोंडून पटते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. एक गोष्ट मात्र साऱ्या घराने पाळलीच पाहिजे: तुम्ही नाही म्हटलेली वस्तू आजीने मागच्या दाराने देऊ नये.

पतीला आठवडाभराचा वृत्तांत शनिवारी रात्री ऐकवला जातो आणि मग ते मुलावर तरी रागावतात किंवा तुमच्यावर. त्याऐवजी त्यांच्याकडे ठरलेली कामे द्या. रोज रात्री ८ वाजता मुलाशी पाच मिनिटे फोन, ज्यात दिवसभराच्या तक्रारी निघणार नाहीत. रविवारी सकाळी मुलाला घेऊन अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर दोन तास बाहेर, आणि त्या दोन तासांत तुम्ही झोपायचे, भांडी घासायची नाहीत. तज्ज्ञांच्या भेटी शक्य तितक्या ते येऊ शकतील अशा दिवशी घ्या. तुम्ही स्वतः राज्य शासनाच्या सेवेत असाल, तर महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची तरतूद आहे. कार्यालयाच्या आस्थापना शाखेत चौकशी करा.

शेजारी आणि नातलग यांच्याबाबतही तोच नियम. 'कोणी समजून घेत नाही' हे तुमचे दुःख खरे आहे, पण समजून घ्या अशी विनंती केल्यावर समोरच्याला नेमके काय करावे ते उमगत नाही. बहिणीला सांगा, मंगळवारी दुपारी दोन तास बाळाला घेऊन जा. ज्या मुलाला टाके पडले, त्याच्या आईकडे एकदा जाऊन या. माफी मागा, त्याची विचारपूस करा आणि सांगा की आम्ही आमच्या मुलावर उपचार सुरू करत आहोत. ती कदाचित तुटकपणे बोलेल. तरीही जा, कारण त्या एका घराचे दार बंद राहिले म्हणून तुम्ही सगळी वस्ती स्वतःला बंद करून घेतली आहे.

शाळेबद्दल. भेटीची वेळ लेखी मागा आणि पतीला किंवा भावाला सोबत न्या. तक्रारी ऐकून घ्या, वहीत टिपा, मग विचारा की दिवसातल्या कोणत्या वेळी आणि कोणत्या कामात जास्त बिनसते. तपासणी सुरू असल्याचे सांगा, तज्ज्ञांचे पत्र द्या आणि तीन महिन्यांची मुदत मागा. काही आठवडे मधल्या सुट्टीपर्यंतच शाळा, बाईंच्या जवळची जागा, दंगा वाढण्याआधीच वही पोहोचवण्याचे किंवा फळा पुसण्याचे काम, अशा गोष्टी केजीच्या वर्गात सहज जमतात. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना त्यात मनाई आहे. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल तेव्हा हा कायदा त्याला लागू होईल; केजीच्या वर्षात मात्र तुम्हाला बोलण्यावर आणि कागदावर अधिक विसंबावे लागेल. पुढे ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता निघाली, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचा अधिकार मिळतो आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही मिळू शकते. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसतो म्हणून अनेक जण ते टाळतात. मी ते काढण्याच्या बाजूची आहे, कारण त्याने मुलाचे काही कमी होत नाही आणि सवलती मात्र कागदाशिवाय मिळत नाहीत.

ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला दुसरे तसेच घर जितके समजून घेते तितके कोणी घेत नाही. उपचार केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांशी बोला. तिथे तीन-चार जणींची ओळख होते, पुढे त्या एकमेकींची मुले तासभर सांभाळतात, कोणत्या शाळेत बाई समजूतदार आहेत हे सांगतात. मोठ्या, अनोळखी गटांपेक्षा मला ही बाकावरची ओळख अधिक भरवशाची वाटते.

आणि आता तुम्ही स्वतः. बाळ ८ महिन्यांचे आहे, रात्रीची झोप तुटलेली, रोज रडू येते, कोणात मिसळावेसे वाटत नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात येणारे नैराश्य असेच दिसते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मुलाच्या तपासणीबरोबर स्वतःची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहा. हात उठणार असे वाटले की बाळाला पाळण्यात ठेवा, मुलगा सुरक्षित आहे एवढे पाहा आणि पाच मिनिटे दाराबाहेर, नजरेच्या टप्प्यात उभ्या राहा. त्या पाच मिनिटांत मूल ओरडले तरी चालेल. बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. २०२२ पासून ही सेवा २४ तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. स्वतःला किंवा मुलांना काही करून टाकावे असा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्याच दिवशी हा क्रमांक लावा, घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि रुग्णालयात जा.

काही गोष्टींसाठी वही आणि दोन आठवडे थांबायचे नसते. बोलणे किंवा आलेली कौशल्ये मागे जाणे, झटके येणे, आगीशी खेळणे, स्वतःचे डोके भिंतीवर आपटून जखम करणे, वागण्यात अचानक आणि मोठा बदल होणे. अशा वेळी लगेच तज्ज्ञांकडे जावे. वयाला न शोभणारे लैंगिक वर्तन दिसले, किंवा एखाद्या माणसाजवळ, एखाद्या ठिकाणी जायला तो घाबरू लागला, तर त्याच्यावर अत्याचार झाला असण्याची शक्यता मनात धरून शांतपणे विचारपूस करा आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर बोला. बाळाच्या तोंडावर उशी टाकल्याचे तुम्ही लिहिले आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्याचा परिणाम कळत असेलच असे नाही, परंतु परिणाम तोच होतो. आजपासून दोघांना एका खोलीत एक मिनिटही एकटे सोडू नका. आंघोळीला जाताना बाळ सासूबाईंजवळ किंवा बाहेरून कडी लावता येईल अशा खोलीत, आणि रात्री तुमच्या हाताशी असलेल्या पाळण्यात.

या आठवड्यात तीनच कामे करा. आजच्या तारखेने वही सुरू करा, सासूबाईंकडे संध्याकाळची दहा मिनिटे मागा, आणि शनिवारी पती आल्यावर बालरोगतज्ज्ञांची वेळ दोघांनी मिळून ठरवा. तपासणीचे कागद हाती आले की पुन्हा लिहा. त्यातल्या चाचण्यांचे अर्थ आणि पुढचे उपचार यांविषयी मी सविस्तर सांगेन.